स्मोकिन जो फ्रेझर : डाव्या हूकचा धनी

माळरान

मुहम्मद अलीवर मराठीत भरभरून लिहिलं गेलं आहे आणि ते रास्तच आहे. पण त्यातल्या बहुतेक लेखांत हेवीवेट बॉक्सर जो फ्रेझर मधल्या एका परिच्छेदात येतो, अलीला हरवतो, पुढच्या परिच्छेदात अलीकडून हरतो आणि तिथेच त्याचं काम संपतं. ज्याने 32 लढती जिंकल्या, त्यातल्या 27 नॉकआऊटने, त्या जगज्जेत्याला एवढीशीच जागा? सगळ्या कारकिर्दीत तो चारदा हरला आणि हरवणारे दोघंच होते, अली आणि जॉर्ज फोरमन, प्रत्येकी दोन वेळा. तिसऱ्या कुणाला ते जमलं नाही. या धाग्यावर त्याच्याबद्दल बोलूया. अली येईलच, पण पाहुणा म्हणून.

जन्म 12 जानेवारी 1944, साउथ कॅरोलायना राज्यातलं ब्यूफर्ट. आईवडिलांचं हे बारावं मूल. 10 एकर जमीन होती, पण माती निकस. कापूस आणि कलिंगडं यापलीकडे फारसं काही हाती लागत नसे. जोचा जन्म झाला त्याच सुमारास एका दारुड्याने केलेल्या गोळीबारात वडिलांचा डावा हात गेला. त्यामुळे पाय फुटल्यापासून हा पोरगा बापाचा दुसरा हात होऊन शेतात राबला.

घरी टीव्ही आल्यावर शेजारीपाजारी बॉक्सिंग बघायला जमायचे. त्यात एक काका म्हणाले, हा पोरगा उद्याचा जो लुईस (नावाजलेला हेवीवेट जगज्जेता) होणार. पोराने ते मनावर घेतलं. गोणपाटात चिंध्या, मक्याची बुरकुंडं आणि झाडावरचं शेवाळ कोंबलं, मधोमध वीट ठेवली, ते झाडाला टांगलं आणि रोज त्यावर ठोसे मारायला लागला.

डाव्या हाताची गोष्ट इथलीच. एकदा घरच्या डुकराला त्याने काठीने डिवचलं, खुराड्याचं दार उघडं राहिलेलं. डुक्कर मागे लागलं, हा पळता पळता पडला आणि डावा हात विटेवर आपटला. डॉक्टरकडे न्यायला पैसे नव्हते. हात आपला आपण जुळून आला, पण वाकडा. पुढे जन्मभर तो कोपरात पूर्ण सरळ होत नव्हता. ज्या हूकने (कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने) पुढे भलेभले आडवे झाले, तो याच हाताचा.

त्या काळचं दक्षिणेतलं वर्णद्वेषी वातावरण तुम्हाला ठाऊक आहे. गोऱ्यांशी वाकडं आलं, आता इथे धडगत नाही हे आईने ओळखलं आणि वयाच्या 15 व्या वर्षी तो बसने उत्तरेला निघाला. आधी न्यूयॉर्क, मग फिलाडेल्फिया. तिथे कत्तलखान्यात नोकरी. शीतघरात टांगलेल्या बैलांच्या धडांवर तो ठोशांचा सराव करायचा. वजन फार वाढलं म्हणून पोलीस ॲथलेटिक लीगच्या जिममध्ये जायला लागला. तिथे प्रशिक्षक यँक डरहॅम यांची नजर त्याच्यावर पडली.

1964 च्या टोकियो ऑलिंपिकची तर कमालच. निवड चाचणीत तो बस्टर मॅथिसकडून हरला होता. मॅथिसच्या हाताला दुखापत झाली म्हणून याला राखीवमधून वर घेतलं. उपांत्य लढतीत डाव्या हाताचा अंगठा मोडला. हा कुणालाही काही बोलला नाही, कारण बोलला असता तर अंतिम लढत गेली असती. जर्मनीच्या हान्स ह्यूबरविरुद्ध मुख्यतः उजव्या हाताने लढून 3-2 असा जिंकला. त्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला बॉक्सिंगचं एवढं एकच सुवर्ण मिळालं. आणि घरी परतला तेव्हा हात प्लास्टरमध्ये, कत्तलखान्यातलं काम करता येईना, बायकोपोरं घरी. सुवर्णपदक विजेता खेळाडू त्या हिवाळ्यात पैशापैशाला महाग झाला होता.

ऑगस्ट 1965 मध्ये तो व्यावसायिक झाला. फिलाडेल्फियातल्या काही लोकांनी पैसे घालून क्लोव्हरले नावाची कंपनी काढली आणि त्याचा खर्च उचलला. 1966 मध्ये ऑस्कर बोनावेनाने त्याला एकाच फेरीत दोनदा पाडलं, तरी लढत फ्रेझरने जिंकली. 1968 मध्ये त्याच बस्टर मॅथिसला अकराव्या फेरीत हरवून न्यूयॉर्क राज्याने मान्य केलेला जगज्जेतेपदाचा किताब, आणि 16 फेब्रुवारी 1970 ला जिमी एलिसला हरवून निर्विवाद जगज्जेतेपद.

निर्विवाद म्हणायचं, पण लोक मानत नव्हते. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सैन्यात जायला नकार दिल्यामुळे 1967 मध्ये अलीचा किताब काढून घेतलेला होता. रिंगमध्ये न हरलेला विजेता बाहेर बसलाय, मग हा कसला विजेता, असं ऐकवलं जायचं. त्या साडेतीन वर्षांत फ्रेझरने काय केलं? अलीला पैसे दिले, त्याला परवाना परत मिळावा म्हणून जाहीरपणे बोलला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याकडेही शब्द टाकल्याचं तो सांगत असे. अली परत आला. लढत ठरली. आणि अलीने फ्रेझरला गोऱ्यांचा हुजऱ्या, ‘अंकल टॉम’, म्हणायला सुरुवात केली.

8 मार्च 1971, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दोघंही अपराजित, दोघांनाही प्रत्येकी 25 लाख डॉलर. पंधराव्या फेरीत तो हूक बसला आणि अली पाठीवर पडला. तिन्ही पंचांनी फ्रेझरला विजयी ठरवलं.

पुढचं तुम्ही लिहा. खूप जणांकडे यातलं माझ्यापेक्षा जास्त आहे, हे मला माहीत आहे.

शुक्रतारा

छान लिहिलंय. वीट घातलेलं गोणपाट वाचून थबकले. एक विचारायचं होतं. अली 6 फूट 3 इंच, हात लांब, पाय चपळ. फ्रेझर जेमतेम 6 फूट, हात आखूड, त्यात डावा वाकडा. मग तो अलीपर्यंत पोचत कसा होता? मी ती लढत पाहिली आहे, पण बघताना काय बघायचं ते कळत नाही. कुणी नीट सांगेल का?

उजवा_पाय

शुक्रताराताई, मी कॉलेजात असताना बॉक्सिंग केलंय, त्या अनुभवातून सांगायचा प्रयत्न करतो.

उंच माणसाविरुद्ध बुटक्या माणसाची अडचण अशी असते, की समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) लागतो त्या अंतरावरून याचा ठोसा पोचतच नाही. मग एकच मार्ग: जॅबच्या आत शिरायचं. फ्रेझर सरळ चालत कधीच जात नसे. बुटक्या दाराच्या चौकटीखालून जाताना आपण गुडघ्यात दबतो ना, तसा तो दर पावलाला दबून डावीकडून उजवीकडे झुलत पुढे सरकायचा. डोकं एका जागी टिकतच नाही, त्यामुळे जॅब कानाजवळून जातो. आणि डावीकडे दबला की शरीराचं सगळं वजन डाव्या पायावर, कमरेत पीळ भरलेला. तो पीळ सोडला की हूक. म्हणजे ठोसा चुकवणं आणि आपला ठोसा भरणं ही त्याच्याकडे एकच हालचाल होती. या पद्धतीला प्रचंड दम लागतो. 15 फेऱ्या असं झुलत राहायचं म्हणजे हजारो बैठका मारण्यासारखं आहे. सगळ्यांना 10 फेऱ्यांनंतर पाय सोडतात. याला नाही.

आता 1971 कडे. यँक डरहॅमबरोबर एडी फच नावाचे दुसरे प्रशिक्षक होते. त्यांनी अलीचा एक दोष हेरला होता. उजवा अपरकट (खालून वर हनुवटीकडे जाणारा ठोसा) मारताना अली ताठ उभा राहतो आणि उजवा हात खाली घेतो. तो हात खाली गेला, की जबड्याची उजवी बाजू उघडी. फच यांची सूचना एवढीच होती, की त्याचा अपरकट निघताना दिसला की दुसरा कुठलाही विचार न करता डावा हूक सोडायचा. सरावात याच गोष्टीची घोकंपट्टी झाली होती.

शुक्रताराताई, लढत पुन्हा लावलीत तर आधी अकरावी फेरी बघा. तिथे अली दोरांजवळ हूक खाऊन डगमगतो, गुडघे मऊ पडतात. मग सरळ पंधरावी. फेरी सुरू होऊन फार वेळ झालेला नसतो. अलीचा उजवा हात खाली येतो आणि फ्रेझरचा हूक जवळजवळ मांडीजवळून निघून वर येतो. ठोसा लागताना फ्रेझरचे दोन्ही पाय कुठे आहेत ते बघा. मी ती काही सेकंद किती वेळा पाहिली असतील! आणि अली लगेच उठला, हेही मी तितक्याच आदराने सांगतो. तसा ठोसा खाऊन उठणं सोपं नाही.

रविवारची_दुपार

अलीच्या बाजूने दोन शब्द मांडतो, कारण धाग्याचा रोख थोडा एकतर्फी वाटला.

अलीची उमेदीची साडेतीन वर्षं गेली होती. 1970 च्या ऑक्टोबरात अटलांटाला जेरी क्वारीविरुद्ध तो परतला, तेव्हा तुरुंगवासाची टांगती तलवार डोक्यावर होतीच. सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली ती 28 जून 1971 ला, म्हणजे फ्रेझरशी लढत झाल्यानंतर. अशा माणसाला आपल्या लढतीकडे सगळ्या जगाचं लक्ष वेधून घेणं भाग होतं. प्रतिस्पर्ध्याला डिवचणं ही त्याची पहिल्यापासूनची पद्धत. सॉनी लिस्टन या प्रतिस्पर्ध्याला तो अस्वल म्हणायचा. तिकिटं खपली, दोघांना तेव्हाची विक्रमी रक्कम मिळाली, त्यातला अर्धा वाटा फ्रेझरचाच ना? शब्द झोंबले हे मान्य. पण त्यामागे द्वेष होता असं मला वाटत नाही.

माळरान

रविवारची_दुपार, तुमचा मुद्दा समजतो आणि तिकिटांचं गणितही पटतं. तरी मी तुमच्याशी सहमत नाही.

लिस्टनला अस्वल म्हणणं आणि फ्रेझरला गोऱ्यांचा माणूस म्हणणं यांची बरोबरी होत नाही. ज्याने साउथ कॅरोलायनात ते दिवस काढले, जो गोऱ्यांशी वाकडं आल्यामुळे पोरवयात घर सोडून निघाला, कत्तलखान्यात राबला, त्याला स्वतःच्या समाजात परका ठरवणं हे वेगळ्याच जातीचं बोलणं आहे. त्याच्या मुलांना शाळेत चिडवलं गेलं. त्याला धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. आणि हे बोलणारा तोच होता, ज्याच्यासाठी याने शब्द टाकला होता.

1974 मधला टीव्ही स्टुडिओतला प्रसंग आठवा. दुसऱ्या लढतीच्या काही दिवस आधी दोघांना शेजारी बसवून टीव्ही समालोचक हॉवर्ड कोसेल पहिली लढत दाखवत होते. बोलता बोलता पहिल्या लढतीनंतर फ्रेझर रुग्णालयात होता तो विषय निघाला, आणि अलीने त्याला अडाणी म्हटलं. फ्रेझर कानातलं यंत्र काढून उभा राहिला. मला अडाणी का म्हणतोस, एवढाच त्याचा प्रश्न होता. नंतर दोघं जमिनीवर लोळले, प्रत्येकी 5,000 डॉलर दंड झाला. लोकांनी तो तमाशा म्हणून पाहिला. मी जेव्हा जेव्हा ते चित्रण पाहतो, तेव्हा माझं लक्ष फ्रेझरच्या चेहऱ्याकडे जातं. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाला तो शब्द सगळ्या देशासमोर ऐकावा लागला होता. तिकीट विकण्यासाठी त्याची गरज नव्हती.

आणि हो, त्याच साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने 1971 मध्ये फ्रेझरला भाषणाला बोलावलं. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळापासून तिथे बोललेला तो पहिला कृष्णवर्णीय. अशा माणसाला हुजऱ्या म्हणायचं?

ओलीसुकी

फोरमनबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. 22 जानेवारी 1973, किंग्स्टन, जमैका. फ्रेझर 29 लढती अपराजित, सगळे त्याच्याच बाजूने पैसे लावत होते. दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पडला आणि किताब गेला. कोसेल यांचं ‘डाऊन गोज फ्रेझर’ हे ओरडणं इतकं गाजलं, की पुष्कळांना फ्रेझर म्हटलं की तेवढंच आठवतं.

उजवा_पाय यांनी जे झुलत आत शिरण्याचं सांगितलं, तीच गोष्ट इथे अंगाशी आली. हा दबून आत येणार हे फोरमनला माहीत होतं. तो त्याला दोन्ही हातांनी ढकलून हव्या त्या अंतरावर ठेवायचा आणि डोकं खाली असताना खालून अपरकट हाणायचा. सहाव्यांदा पडल्यावरही फ्रेझर उठून उभाच होता, पंचांनी लढत थांबवली.

डॉ_सदाफुली

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, बॉक्सिंगची जाणकार नाही. पण फ्रेझरच्या डोळ्याबद्दल वाचलं तेव्हापासून मनिलाच्या, म्हणजे अलीबरोबरच्या तिसऱ्या लढतीकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

त्याचा डावा डोळा मोतीबिंदूमुळे अधू होता. हे त्याने स्वतःच 1996 मध्ये आत्मचरित्रातून उघड केलं. म्हणजे कारकिर्दीचा मोठा भाग तो जवळपास एका डोळ्यावर लढला. एका डोळ्याने बघणाऱ्याला अंतराचा अंदाज कमी येतो, हे तुम्ही एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघा, लगेच कळेल. शिवाय ज्या बाजूचा डोळा अधू, त्या बाजूने येणारी वस्तू उशिरा दिसते. समोरच्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूने येतो. म्हणजे अलीचा उजवा ठोसा नेमका त्याच्या आंधळ्या बाजूने यायचा.

आता 1 ऑक्टोबर 1975. फिलिपिन्समधलं अरानेटा कोलिझियम, अमेरिकेतल्या टीव्हीच्या सोयीसाठी लढत सकाळी ठेवलेली, आत असह्य उकाडा. सुरुवातीच्या फेऱ्या अलीच्या, मधल्या फ्रेझरच्या. बाराव्या फेरीपासून अली पुन्हा वरचढ झाला. तेराव्या फेरीत फ्रेझरच्या तोंडातलं दातांचं कवच उडून प्रेक्षकांत गेलं. आणि चौदाव्यापर्यंत त्याचा चांगला असलेला उजवा डोळा सुजून मिटला होता. म्हणजे जो डोळा उघडा होता तो अधू, आणि जो धड होता तो बंद. त्या अवस्थेत तो पंधराव्या फेरीसाठी स्टुलावरून उठू पाहत होता.

एडी फच यांनी लढत थांबवली. फ्रेझर नको म्हणत असतानाही थांबवली. त्याला खाली बसवून त्यांनी सांगितलं, की आज तू इथे जे केलंस ते कुणी कधी विसरणार नाही. फच यांनी याआधी रिंगमध्ये माणसं दगावलेली पाहिली होती. एक डॉक्टर म्हणून सांगते, तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता. आधीच मार बसलेल्या मेंदूला पुन्हा पुन्हा धक्के बसले, की सूज आणि रक्तस्राव किती वेगाने वाढेल याचा भरवसा नसतो. आणि न दिसणारा ठोसा सर्वांत घातक असतो, कारण त्यासाठी मान आणि खांदे सावरलेले नसतात.

उजवा_पाय

डॉक्टरताई, हे फार मोलाचं लिहिलंत. आंधळ्या बाजूचा मुद्दा समजल्यावर शेवटच्या तीन फेऱ्या नीट उलगडतात. अलीचे उजवे ठोसे तेव्हा जसे न चुकता बसत होते, त्याचं कारण नुसता थकवा नव्हता.

एक माहिती जोडतो. तिन्ही पंचांच्या कागदावर अली पुढे होता. त्यामुळे शेवटच्या फेरीत फ्रेझरला नॉकआऊटच हवा होता, आणि न दिसणाऱ्या माणसाला नॉकआऊट कसा करणार?

रविवारची_दुपार

मनिलाबद्दल माझंही मत फच यांच्याच बाजूने. अलीने स्वतः नंतर सांगितलं, की मरणाच्या इतक्या जवळ तो कधी गेला नव्हता. लढत संपल्यावर तो रिंगमध्ये कोसळला होता. जिंकलेल्या माणसाची ही अवस्था.

माळरान, तुम्ही वर लिहिलेल्या टीव्ही स्टुडिओच्या प्रसंगावर दोन दिवस विचार केला. 2001 मध्ये अलीने न्यूयॉर्क टाइम्सशी बोलताना फ्रेझरची माफी मागितली, जे बोललो ते बोलायला नको होतं असं सांगितलं. म्हणजे ते फक्त तिकिटांपुरतं नव्हतं, जखम झाली होती, हे त्यालाही कळलं होतं. माझं अलीवरचं प्रेम कमी होणार नाही. पण फ्रेझरचा राग समजून घेणं हे त्या प्रेमाच्या आड येत नाही, एवढं आता म्हणतो.

माळरान

मनापासून आभार. फ्रेझरची बाजूही निखळ नव्हती, तेही लिहायला हवं. 1996 मध्ये अटलांटात अलीने थरथरत्या हाताने ऑलिंपिक ज्योत पेटवली तेव्हा फ्रेझर अतिशय कडवट बोलला, आणि ते मला कधीच आवडलं नाही. त्या माफीवरही तो म्हणे, की वर्तमानपत्राला सांगितलंय, मला नाही. पुढे कधी माफ केलं म्हणायचा, कधी पुन्हा जुनं उकरून काढायचा. जखमच तेवढी खोल होती.

दूरदेशी

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो, म्हणून इथलं लिहितो.

फ्रेझरची जिम नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर होती, नॉर्थ फिलाडेल्फिया स्थानकापासून जवळ. तो बराच काळ तिथेच वरच्या मजल्यावर राहायचा. आजूबाजूचा भाग गरिबीचा, पोरांना संध्याकाळी जायला सुरक्षित जागा हवी, म्हणून त्याने ती चालवत ठेवली. शेवटी परवडेना आणि बंद झाली. नंतर त्या जागेत फर्निचरचं दुकान आलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा खाली सोफे आणि गाद्या मांडलेल्या होत्या आणि वर दर्शनी भिंतीवर त्याचं नाव तसंच होतं. 2013 मध्ये ती इमारत ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आली.

पुतळ्याचं बोलायचं तर मला आजही राग येतो. आर्ट म्युझियमच्या पायऱ्यांपाशी ‘रॉकी’ सिनेमातल्या बॉक्सरचा पुतळा आहे, जगभरातून आलेले लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. तो बॉक्सर काल्पनिक. सिनेमात तो कत्तलखान्यातल्या मांसावर ठोसे मारतो आणि पायऱ्या चढत धावतो. या दोन्ही गोष्टी आपल्या आयुष्यातून उचलल्याचं फ्रेझर सांगायचा. त्या सिनेमात तो स्वतः पाहुणा म्हणून क्षणभर दिसतोही. पण याच शहरात राबलेल्या, इथूनच जगज्जेता झालेल्या खऱ्या माणसाचा पुतळा उभा राहिला 2015 मध्ये. तो गेला होता 7 नोव्हेंबर 2011 ला, यकृताच्या कर्करोगाने, वयाच्या 67 व्या वर्षी. अंत्यसंस्काराला अली आला होता, स्वतः इतका आजारी असताना.

तेव्हा तो दक्षिण फिलाडेल्फियातल्या स्टेडियमांच्या परिसरात उभारला. 1971 चा तो हूक मारून झाल्यानंतरचा क्षण शिल्पकाराने धरलाय. इकडे कुणी आलात तर रॉकीच्या आधी हा पुतळा बघा.

शुक्रतारा

दूरदेशी, नक्की जाणार. भाऊ न्यू जर्सीत आहे, पुढच्या वेळी त्यालाच घेऊन जाते.

उजवा_पाय यांनी सांगितल्याप्रमाणे अकरावी आणि पंधरावी फेरी पाहिली. ठोसा लागताना फ्रेझर जवळजवळ दोन्ही पाय उचलून हवेत आहे! हे इतक्या वर्षांत दिसलंच नव्हतं. त्याच्या मुलांपैकी कुणी बॉक्सिंगमध्ये आलं का? आणि आणखी कुठल्या लढती बघू?

माळरान

हो, आली. त्यातल्या दोघांबद्दल सांगतो. मुलगा मार्व्हिस. त्याला फार लवकर फार मोठ्या माणसांपुढे उभं केलं, असं माझं स्पष्ट मत आहे: 1983 मध्ये लॅरी होम्सने पहिल्याच फेरीत आणि 1986 मध्ये माइक टायसनने 30 सेकंदांत हरवलं. बापाच्या कोपऱ्यातून झालेली ही चूक होती. मुलगी जॅकी वकील होती, चाळिशीजवळ बॉक्सिंगला आली आणि जून 2001 मध्ये अलीची मुलगी लैला हिच्याशी लढली. लैला गुणांवर जिंकली, पण जॅकी शेवटच्या फेरीपर्यंत उभी होती. पुढे ती फिलाडेल्फियात न्यायाधीश झाली.

लढती बघायच्या तर 1969 ची जेरी क्वारीविरुद्धची पहिली बघा, कारण तिथे क्वारी मागे न हटता समोरासमोर ठोसे देतो आणि फ्रेझर त्याला त्याच खेळात हरवतो. 1966 ची बोनावेनाविरुद्धचीही बघा, दोनदा पडल्यानंतर तो काय करतो त्यासाठी. 1981 ची शिकागोतली शेवटची लढत, बरोबरीत सुटलेली, तेवढी सोडून द्या. पाच वर्षांनी परतलेला तो माणूस थकलेला आहे आणि झुलणं थांबलेलं आहे. क्वारीची लढत बघून झाली की इथेच लिहा. उजवा_पाय, तुम्हीही तिच्या पहिल्या फेरीबद्दल सविस्तर लिहाल तर फार बरं होईल.